कुर्माघर आणि परदेशी पुडकें

दर वर्षीं २८ मे हा दिवस जगभर मासिक पाळीच्या स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळला जातो. जर्मनींतील 'वॉश युनायटेड' या संस्थेनें २०१४ सालीं हा प्रघात सुरू केला. पाळीचे दिवस पांच आणि चक्र अठ्ठावीस दिवसांचें, म्हणून पांचव्या महिन्याची अठ्ठाविसावी तारीख, अशी या निवडीमागील कल्पना आहे. त्या दिवशीं शहरांतून व्याख्यानें होतात, वृत्तपत्रांतून छायाचित्रें येतात, आणि त्या छायाचित्रांत बहुधा एकच देखावा असतो : कोणा आदिवासी मुलीच्या हातांत सॅनिटरी पॅडचें एक पुडकें आणि तिच्या शेजारीं तें देणाऱ्याचा हंसरा चेहरा. या देखाव्यास आमचा आक्षेप आहे. मुलीस पॅड मिळूं नये असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तें मिळालेंच पाहिजे. परदेशांतून पैसा येऊं नये असेंही नाहीं. आमचा आक्षेप एवढाच कीं, दात्यानें आपल्या घरीं बसून उत्तर आधींच ठरविलें आहे, आणि मग त्या उत्तरास साजेल असा प्रश्न तो आमच्या रानांत शोधीत आला आहे.

हा वाद हवेंत घालण्यांत अर्थ नाहीं. एका विशिष्ट भूमीवर उभें राहून पाहिलें म्हणजेच तो नीट दिसतो. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील वनमय भाग २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. या जिल्ह्याची सुमारे दोन-तृतीयांश भूमि अजून जंगलाखालीं आहे. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो. येथील माडिया व गोंड गांवांतून वस्तीच्या कडेला एक झोपडी असते. तिला कुर्माघर म्हणतात. ज्या स्त्रीला पाळी येईल तिनें ते चार-पांच दिवस या झोपडींत काढावयाचे. तिनें स्वयंपाक करावयाचा नाहीं, गांवच्या विहिरीवर पाणी भरावयाचें नाहीं. घरची दुसरी कोणी स्त्री अन्नपाणी आणून देईल तेवढ्यावर राहावयाचें. पुरुषाचा तिला स्पर्श झाला तर त्यानें तत्काळ स्नान करावयाचें. झोपडी सर्वांची असते. आणि जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, या न्यायानें तिची डागडुजी कोणी मनावर घेत नाहीं. कुडाच्या भिंती, गळकें छप्पर, कित्येकदां दारसुद्धां नाहीं. गडचिरोलीच्या 'स्पर्श' या संस्थेनें अशीं दोनशेंहून अधिक कुर्माघरें पाहिलीं. बहुतेकांत धड बिछाना नव्हता आणि वीजही नव्हती. उन्हाळ्यांत काहिली, हिवाळ्यांत गारठा, पावसाळ्यांत चिखल, आणि बाराही महिने सापविंचवाची धास्ती. या झोपड्यांतून सर्पदंशानें व आजारानें स्त्रिया मेल्या आहेत.

आतां या झोपडींत तें पुडकें नेऊन ठेवा आणि काय बदललें तें पाहा. छप्पर गळतेंच आहे. दार नव्हतें तें अजून नाहींच. रात्र एकटीनें काढावयाची असेल तर अंधार तितकाच आहे. पाणी दुसरीच्या सवडीवर आहे, आणि शौचाला पूर्वीप्रमाणेंच रान आहे. इतकेंच नव्हे, तर एक नवी पंचाईत उभी राहिली आहे. बाजारांतील बहुतेक पॅडमध्यें प्लास्टिक असतें आणि तें कुजत नाहीं. शहरांत आपण तें कचरागाडींत टाकून मोकळे होतों. भामरागडच्या रानांत कचरागाडी कोठून येणार? पुरावें तर कुत्रीं उकरून काढतात, जाळावें तर धूर व दुर्गंधि, नाल्यांत सोडावें तर तेंच पाणी खालच्या गांवानें प्यावयाचें. उलट पक्षीं जुन्या सुती कापडाची घडी वाईट कां ठरते? तें कापड आहे म्हणून नव्हे. तर तें धुण्यास पुरेसें पाणी व साबण नाहीं आणि उन्हांत उघड्यावर वाळविण्याची चोरी आहे, म्हणून. पाणी आणि ऊन मिळालें तर कापडही स्वच्छ राहतें. पाणी न मिळालें तर पॅड बदलल्यावर हातही धुतां येत नाहींत. दात्यानें वस्तु पाठविली. परंतु ती वस्तु ज्या व्यवस्थेच्या आधारानें उपयोगी पडते, ती व्यवस्था पाठविली नाहीं.

कोणी म्हणेल, वस्तु महाग आहे, गरिबास परवडत नाहीं, म्हणून ती फुकट वांटावी. याचा थोडा हिशेब करूं. केंद्र सरकारनें २०१०-११ च्या सुमारास आशा कार्यकर्तींच्या हस्तें ग्रामीण मुलींना सहा रुपयांत सहा पॅड देण्याची योजना काढली. महाराष्ट्र सरकारनें ८ मार्च २०१८ रोजीं 'अस्मिता' योजना जाहीर केली. तींत जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींस पांच रुपयांत आठ पॅड देण्याचें ठरलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत पॅडवरील वस्तु व सेवा कर उठला. २०१९ च्या ऑगस्टपासून जनऔषधि केंद्रांतून एका रुपयास एक पॅड विकलें जाऊं लागलें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील पंधरा ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं ६४ टक्के पॅड वापरतात आणि ५० टक्के कापड वापरतात, असें आढळलें. म्हणजे कित्येक जणी दोन्ही वापरतात. सारांश, वस्तु स्वस्त करण्याचें काम स्वकीय सरकारनें, बरें वाईट कसेंही असो, अंगावर घेतलें आहे. एका रुपयाचें पॅड ज्या मुलीपर्यंत पोंचत नाहीं, तिच्या आड रुपयापेक्षां रस्ता येतो, तालुक्याच्या गांवापलीकडे नसलेलें दुकान येतें, आशाबाईच्या पिशवींतील संपलेला साठा येतो, आणि मागावयाची लाज येते. या चौघांपैकीं एकासही परदेशी पुडकें हटवीत नाहीं. तें त्यांच्यावरून एकदां उडी मारून येतें आणि पुढच्या महिन्यास येत नाहीं.

पॅड मिळालें कीं मुली शाळेंत येऊं लागतात, हें असेंच दुसरें एक ठरीव विधान आहे. देणगीच्या प्रत्येक आवाहनांत तें असतें. एमिली ऑस्टर व रेबेका थॉर्नटन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनीं तें कसोटीस लावून पाहिलें. नेपाळांतील चितवन जिल्ह्यांत सुमारे दोनशें शाळकरी मुली निवडून, चिठ्ठ्या टाकून त्यांतील निम्म्या मुलींस त्यांनीं मासिक पाळीचा कप दिला आणि हजेरी मोजली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, पाळीमुळें या मुलींची शाळा वर्षाकाठीं अर्धा दिवसही बुडत नव्हती, आणि कप दिल्यानें हजेरींत कांहीं फरक पडला नाहीं. मुलींनीं कप वापरला, त्यामुळें त्यांचे धुण्याचे कष्ट कमी झाले, हें खरें. म्हणजे वस्तु निरुपयोगी ठरली नाहीं. तिच्या नांवावर केलेला मोठा दावा फोल ठरला. चितवन म्हणजे गडचिरोली नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्यांनीं गडचिरोलींत अशी कसोटी कधीं लावली नाहीं, त्यांनीं तोच दावा येथें बेधडक करावा, याला काय म्हणावें?

मग दात्यांस हें पुडकें इतकें प्रिय कां? कारण तें मोजतां येतें. दहा हजार पॅड वांटले, हें वाक्य अहवालांत शोभतें. एका गांवांतील सहा स्त्रियांनीं वर्षभर बैठका घेऊन आपल्या पंचांकडून विहिरीवरचा हक्क मिळविला, हें वाक्य कोणत्या रकान्यांत लिहावें, हें वार्षिक अहवाल लिहिणाऱ्यास समजत नाहीं. यांत आमच्या कायद्यानेंही भर घातली आहे. परदेशी देणग्यांसंबंधीचा २०१० चा कायदा २०२० सालीं दुरुस्त झाला. तेव्हांपासून अशी देणगी नवी दिल्लींतील स्टेट बँकेच्या एका ठराविक शाखेंतच प्रथम घ्यावी लागते, आणि एका संस्थेस मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेस देतां येत नाहीं. परकी पैशावर देखरेख असावी, हें रास्तच आहे. परंतु याचा परिणाम असा होतो कीं, मुंबई-दिल्लीच्या ज्या मोठ्या संस्थेस हिशेबतपासनीस व कायदेपंडित पदरीं बाळगतां येतात तिलाच पैसा घेतां येतो, आणि एटापल्लीच्या लहानशा मंडळास तिला तो पुढें देतां येत नाहीं. मग सोपें काय उरतें? माल घ्यावा, गाडींत भरावा, वांटावा, छायाचित्र काढावें आणि परतावें.

शिवाय परक्याची कृपा परक्याच्याच हवामानावर अवलंबून असते. अमेरिकेच्या सरकारची यूएसएड ही मदतसंस्था जानेवारी २०२५ मध्यें अकस्मात् गोठविण्यांत आली आणि १ जुलै २०२५ रोजीं ती बंद झाली. वॉशिंग्टनमधील एका सहीसरशीं दूरदूरच्या देशांतील दवाखान्यांचा औषधसाठा आटला. ज्याची गरज दर महिन्यास पडते तें दर महिन्यास दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणें, याला साहाय्य म्हणणें कठीण आहे.

तथापि परकी मदत म्हणजे निष्फळच, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो या जिल्ह्याच्या इतिहासाला धरून होणार नाहीं. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोलींतील दोन गांवांच्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ सालीं तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केले. शेंकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोगांपैकीं एक वा अनेक रोग होते, आणि यापूर्वीं तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ होत्या. तोंपर्यंत जगांतील धुरीणांच्या लेखीं खेड्यांतील स्त्री म्हणजे गरोदर स्त्री किंवा कुटुंबनियोजनाचें लक्ष्य, एवढेंच होतें. या बाईला स्वतःला कांहीं होतें काय, हा प्रश्न त्यांनीं गडचिरोलींत विचारला, आणि त्याचे पडसाद पुढें १९९४ च्या कैरो येथील परिषदेपर्यंत उमटले. त्यानंतर याच दांपत्यानें ३९ गांवांत त्याच गांवच्या स्त्रियांस नवजात बालकांची घरच्या घरीं काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालकांचे मृत्यु, शेजारच्या गांवांशीं तुलना करतां, शेंकडा ६२ नें घटले. हा वृत्तान्त १९९९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २०११ मध्यें भारत सरकारनें ती पद्धति देशभर आशा कार्यकर्तींकडे सोंपविली. या कार्यास फोर्ड व मॅकआर्थर या अमेरिकन प्रतिष्ठानांचा पैसा होता. पैसा परकाच होता. मग फरक कोठें पडला? त्या पैशानें गांवच्याच बाईचें शिक्षण, तिची नोंदवही, तिचा वजनकांटा आणि तिचा आत्मविश्वास हीं विकत घेतलीं. प्रश्न येथें विचारला गेला, उत्तर येथें शोधलें गेलें, आणि पैसा मागून आला. पुडक्याच्या बाबतींत हा क्रम उलटा झाला आहे.

आतां आणखी दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप सुशिक्षितांत फार आवडता आहे : 'ती त्यांची रूढि आहे, आपण कशास हात घालावा?' असें म्हणणाऱ्यांस आम्ही आमच्याच आजोळच्या वाड्यांत नेतों. मागल्या पडवींत, माजघराच्या दाराशीं, एक कोपरा होता. तेथें एक घोंगडी, एक तांब्या आणि एक निराळें ताट असे. घरांतल्या बायका पाळीपाळीनें तेथें बसत, आणि आम्ही मुलांनीं विचारलें कीं 'कावळा शिवला' एवढेंच उत्तर मिळे. तो कोपरा म्हणजे कुर्माघरच होतें. त्याला आमच्या वाड्याचें छप्पर होतें इतकेंच. तो कोपरा आज बहुतेक घरांतून गेला. कशानें गेला? कोणा परदेशी संस्थेच्या देणगीनें नव्हे, कायद्यानें नव्हे, आणि पॅडनेंही नव्हे. नळ घरांत आला, वाड्यांची दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडें झालीं, मुली शिकल्या, सून नोकरीवर जाऊं लागली आणि तिला दर महिन्यास चार दिवस बाजूला बसणें शक्य होईना. घरांतील स्त्रीच्या शब्दास वजन आलें, तसा कोपरा ओसरला; आणि देवघराच्या दाराशीं तो अजून कित्येक घरांत पुरता ओसरलेला नाहीं, हें वाचक भगिनी आमच्यापेक्षां अधिक जाणतात. तेव्हां माडियांच्या रूढीकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पण ती रूढि कशानें सुटते हें आपल्याच घरावरून सांगण्याचा अनुभव मात्र आपणांजवळ आहे. त्या चार दिवसांत कामांतून सुटका होते, एवढें सुख कांहीं जणींस त्यांत वाटत असेल. परंतु विश्रांति मिळण्यासाठीं बाईला गांवाबाहेर जावें लागावें, हें त्या रूढीचें समर्थन नव्हे. घराची ती नाचक्की आहे.

दुसरा आक्षेप याच्या अगदीं उलट टोंकाचा आहे : 'झोपड्या मोडून टाका, प्रश्न मिटला.' राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २०१५ सालीं ही प्रथा स्त्रियांच्या हक्कांचा गंभीर भंग आहे असें म्हणून ती नाहींशी करण्यास राज्य सरकारास सांगितलें. तें योग्यच झालें. पण झोपड्या आहेत तेथेंच आहेत. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानें छौपदी ही अशीच प्रथा २००५ सालीं बेकायदा ठरविली. २०१७ सालीं तिच्यासाठीं तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगणारा कायदा झाला. पुढें झोपड्याही पाडण्यांत आल्या. तरी देवाच्या कोपाची भीति मनांतून गेली नव्हती, म्हणून कित्येक बायका गोठ्यांत व पडक्या आडोशास निजूं लागल्या. झोपडी मोडली, आज्ञा मोडली नाहीं.

मग करावें काय? मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशन या संस्थेनें २०२१ च्या सुमारास तुकूम व इतर कांहीं गांवांत जुन्या झोपड्यांच्या जागीं नवीं घरें बांधून दिलीं. त्यांत बिछाने, आंतच शौचालय, पाणी आणि सौर दिवे अशी सोय आहे. यावर टीका झाली कीं, घर चांगलें केल्यानें प्रथा पक्की होते. ही टीका आम्ही हलकी मानीत नाहीं. परंतु आज रात्रीं जिला त्या झोपडींत जावयाचेंच आहे, तिनें तत्त्वासाठीं साप सोसावा, असें सांगण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, छप्पर आधीं द्यावें. पण एका अटीवर. तें घर गांवच्या स्त्रियांच्या मालकीचें व त्यांच्याच कारभाराखालीं असावें, तेथें बाकीचे पंचवीस दिवस त्यांच्या बैठका, शिवण, शिक्षण व आरोग्यतपासणी चालावी, आणि त्याची किल्ली त्यांच्याकडे राहावी. ज्या घराची किल्ली बाईच्या कमरेला आहे, त्या घरांत तिला कोंडणें कठीण होतें. आज ना उद्यां ती दार उघडून घरीं जाईल.

यासाठीं लागणारी सत्ता या जिल्ह्यांत नवी निर्माण करावयाची नाहीं, ती आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेस मोठे अधिकार दिले आहेत. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ सालीं तेथील ग्रामसभेनें आपला बांबू आपल्या परवान्यावर विकला. त्यामागून अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करूं लागल्या. म्हणजे निर्णय घेण्याची जागा आहे आणि कोठें कोठें पैसाही आहे. उणीव आहे ती एवढीच कीं, ज्या दिवशीं ग्रामसभा भरते त्या दिवशीं पाळी आलेली स्त्री कुर्माघरांत बसलेली असते. तिच्याविषयींचा ठराव तिच्यावांचून होतो. परदेशी दात्यांस खरोखर कांहीं द्यावयाचें असेल, तर हें अंतर कमी करण्यास द्यावें : विहीर आणि नळ, शौचालय, दिवा, गांवच्याच आरोग्यदूत बाईचें मानधन, मुली शिकतात त्या आश्रमशाळांतील स्नानगृहांना दार व कडी, आणि पॅड द्यावयाचे तर बाईनें कापड कीं पॅड कीं कप हें स्वतः निवडल्यानंतर, वर्षानुवर्षें पुरतील असे. आणि आमच्या सरकारनें, देखरेख न सोडतां, असा पैसा गांवच्या नोंदलेल्या मंडळापर्यंत उजळ माथ्यानें पोंचण्यास वाट करून द्यावी.

शेवटीं दोन शब्द वाचकांशीं. परदेशी दात्यावर टीका करून आपण निर्दोष ठरत नाहीं. कारण अलीकडे आपणही मुलीच्या वाढदिवसानिमित्त, कोणाच्या पुण्यतिथीनिमित्त, पॅडचे खोके गडचिरोलीकडे पाठवूं लागलों आहों. ही भावना चांगली आहे, ती मोडूं नये. पण पुढच्या वेळीं खोका बांधण्यापूर्वीं, जी संस्था तो नेणार आहे तिला एक पत्र लिहावें आणि विचारावें कीं, या गांवच्या बायकांनीं काय मागितलें आहे, आणि तें त्यांस कोणी व केव्हां विचारलें? उत्तर आलें तर तें मागितलेलें द्यावें, मग तो पत्रा असो, पाण्याची टांकी असो, कीं दाराची कडी असो. उत्तर आलें नाहीं, तर खोका तसाच ठेवून आधीं तें विचारण्यास कोणास तरी गांवीं पाठवावें, आणि त्याच्या प्रवासखर्चास आपली देणगी लावावी.